ओम्वाना, लेकरू आणि कूसु

आमच्या घरात दोन भाषा पहिल्यापासून चालतात, गेल्या पावसाळ्यापासून तिसरी पण आलीय. त्या तिसरीबद्दल कधीचं लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे, पेपर तपासून झालेत आणि बाळ झोपलंय, म्हणून बसले.

आधी घरातली माणसं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बेळगावातल्या शहापूरचे, आई मराठी, मी हायस्कूलला मराठी शिकवते. वहिनी गोकाकची, तिचं माहेर पूर्ण कन्नड. भावाला आठ महिन्यांची मुलगी आहे, म्हणजे माझी भाची. आई तिला लेकरू म्हणते, वहिनी कूसु म्हणते, लाडात आली की बंगारा. आणि वरच्या खोलीत दोन मुली भाड्यानं राहतात, एक युगांडाची, एक केनियाची, दोघी इथं फार्मसी शिकायला आल्यात. त्यांना खोली द्यायची ठरली तेव्हा गल्लीतल्या दोघातिघांनी येऊन आईला सांगितलं, ह्यांना कशाला ठेवून घेताय, त्रास होईल. मला आजही त्याचं वाईट वाटतं. आई एवढंच बोलली, "कुणाची तरी लेकरंच की वो ती, कुठं ऱ्हायची मग?" लेकरंच की वो. तेव्हा मला ते नुसतं आईचं बोलणं वाटलं होतं.

तर त्या दिवशी दुपारी तीनची वेळ होती, बाहेर पाऊस. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलीय तुळईला, त्यात भाची झोपलेली, एक पाय बाहेर लोंबत होता आणि पायातल्या वाळ्याला काळा दोरा. युगांडाची ती मुलगी आमचा डबा परत द्यायला खाली आली (आईनं कुंदा पाठवलेला), उंबऱ्यातच थांबली, झोळीकडं बघितलं आणि अगदी हळू स्वतःशीच म्हणाली, "ओम्वाना येबासे." आईनं लगेच उत्तर दिलं, "व्हय गं, आत्ताच झोपलंय." स्वयंपाकघरातनं वहिनी, "कूसु मक्कोंडैती, सावकाश." तिघी एकच गोष्ट बोलल्या. आईला युगांडाच्या लुगांडा भाषेचा एक शब्द येत नाही, त्या मुलीला मराठी बाजारापुरती येते. खरं कुणालाच काही विचारावं लागलं नाही.

मी तिला वर गाठलं आणि म्हटलं, आत्ता काय म्हणालीस ते सावकाश सांग. ओम्वाना म्हणजे मूल, येबासे म्हणजे झोपलंय. आणि मुलं झोपलीत म्हणायचं असेल तर? आबाना बेबासे. मी वही घेऊनच गेले होते. पंधरा वर्षं व्याकरण शिकवल्यावर असं काही कानावर पडलं की हात आपोआप वहीकडं जातो. ओम्वानाचं आबाना झालं तसं येबासेचं बेबासे झालं, शब्दाचं तोंड बदललं की पाठोपाठ क्रियापदाचं पण तोंड बदलतं! आपल्याकडं हे सगळं शेपटाकडं होतं. माझा मोठा मुलगा आला, माझी मोठी मुलगी आली, माझं मोठं पोरगं आलं, बघा, आ आ आ आ, ई ई ई ई, अं अं अं अं, गाडीच्या डब्यांसारखं सगळं एकाच रंगाचं. त्यांच्याकडं तोच रंग, फक्त डब्याच्या पुढच्या बाजूला. केनियाच्या मुलीनं स्वाहिलीतलं वाक्य दिलं: म्तोतो म्मोजा म्दोगो आनासोमा, एक लहान मूल वाचतंय. दोन मुलं केली तर वातोतो वावीली वादोगो वानासोमा. वा वा वा वा. मी हे दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, लिंगवचनाच्या तासाला इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती, शेवटच्या बाकावरच्या पोरानं तर बाईंनी न सांगता वाक्य उतरवून घेतलं.

आता स्वाहिलीत मुलाला रोजचा शब्द म्तोतो आहे, ओम्वानाशी त्याचं नातं दिसत नाही. मी विचारलं तर केनियाची म्हणाली, म्वाना पण आहे ना. आई आपल्या मुलाला म्वानांगू म्हणते, माझं बाळ. आणि म्वाना पुढं लावून केवढे तरी शब्द तयार झालेत, म्वानाफुन्झी म्हणजे शिकणारा, विद्यार्थी, शब्दशः शिक्षणाचं लेकरू. म्वानाजेशी म्हणजे सैनिक, फौजेचं लेकरू. म्वानासिआसा, राजकारणी. म्वानांची म्हणजे नागरिक, देशाचं लेकरू, आणि अनेकवचनात वानांची, तिकडच्या भाषणांत हाच शब्द सारखा येतो म्हणे, आपल्याकडं 'बंधू आणि भगिनींनो' येतं तसा. कोकराला म्वानाकोन्दो, कोन्दो म्हणजे मेंढी. हे ऐकून वहिनी जवळच बसली होती ती म्हणाली, आमच्यात कुरीमरी म्हणतात की, कुरी म्हणजे मेंढी, मरी म्हणजे पिल्लू. आणि आपल्या बाळाला पण मरी म्हणून हाक मारतोच.

वही भरत गेली. पुढचे आठ-दहा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं, शाळेतनं आले की वाचत बसायचे. रवांडाच्या किन्यारवांडात उम्वाना, अनेकवचन आबाना. काँगोतल्या लिंगालात म्वाना, बाना. झांबियाच्या बेंबात उम्वाना, आबाना. मलावीच्या चिचेवात म्वाना आणि अनेकवचन नुसतं आना. झिंबाब्वेच्या शोनात म्वाना, वाना. बोत्सवानाच्या त्स्वानात न्ग्वाना, बाना. दक्षिण आफ्रिकेच्या झुलूत उम्न्त्वाना, आबान्त्वाना. आणि पार वर पश्चिमेला कॅमेरूनच्या समुद्राकाठी दुआला भाषेत मुना, बाना. नकाशा उघडून बघा, कॅमेरून कुठं आणि दक्षिण आफ्रिका कुठं. बेळगावहून हुबळीला गेलो की बाळाला हाक मारायचा शब्द बदलतो, खानापूर ओलांडून गोव्यात उतरलो की परत बदलतो, आणि इथं अर्धं खंड एकाच शब्दानं बाळाला हाक मारतंय.

मला संधी शिकवून शिकवून त्या शब्दाची शिवण लगेच दिसली. माणसांचा उपसर्ग एकवचनात मु, अनेकवचनात बा. मूळ शब्द आना. मु अधिक आना, म्वाना. आता आठवीतलं आठवा, सु अधिक आगत, स्वागत. मनु अधिक अंतर, मन्वंतर. उ च्या पुढं वेगळा स्वर आला की उ चा व होतो, हाच तो यण संधी, पाणिनीनं सांगितलेला, आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर कुठल्या आईनं पाणिनी न वाचता तो रोज केलाय. आणि बा अधिक आना, दोन आ एकत्र, दीर्घ आ, देव अधिक आलय देवालय. लुगांडात तो आ खरोखर लांब बोलतात, रोमन लिपीत लिहिताना तिथं दोनदा a लिहितात. मी तिला म्हटलं तू बोलताना तो आ ओढतेस ना, ती म्हणाली ओढला नाही तर चुकीचंच वाटेल.

मग बा चा कुठं वा झालाय, कुठं नुसता आ उरलाय, ते पण नियमानं. शोनात बा चा वा, स्वाहिलीत बा चा वा, चिचेवात ब गळूनच गेला. हे आपल्या भागातल्या माणसाला तरी नवीन वाटायला नको. तमिळमध्ये 'ये' म्हणायला वा म्हणतात, कन्नडमध्ये बा, बेळगावात कुठल्याही मराठी घरातल्या पोराला हा बा कळतो. तमिळचा पाल म्हणजे दूध, कन्नडचा हालु. पळ्ळी आणि हळ्ळी. एकेक शब्द नाही बदलत, तो आवाज जिथं जिथं असेल तिथं सगळीकडं बदलतो, आणि म्हणूनच भाषांचं नातं ओळखता येतं.

हे लिहायचं कारण आहे. भावाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा अभ्यासकांनी बांधलेलं मूळ रूप पण सांगितलं, ते '-जाना' किंवा '-याना' असं लिहितात, त्यातला पहिला व्यंजन बहुतेक ठिकाणी पुढं गळाला. भाऊ लगेच, "अगं म्हणजे आपलं जन! जन्म, जननी, संस्कृतच गेलं की तिकडं!" आणि फॅमिली ग्रुपवर टाकूनही मोकळा. मला ते काढायला लावावं लागलं. एका शब्दाचं एका शब्दाशी जुळणं म्हणजे नातं नाही. मूल पण म नं सुरू होतं, कन्नडमधलं मगु म्हणजे मूल, ते पण म नं, म्वाना पण म नं, आणि ह्या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्वानातला म तर मुलाचा नाहीच, तो माणसाचा उपसर्ग आहे, काढला की आना उरतो. बाना आणि वाना जुळतात ते कशावरून, तर जिथं जिथं एकात बा तिथं तिथं दुसऱ्यात वा, शंभर शब्दांत, व्याकरणात, आकड्यांत. जन आणि जानाचं तसं काही दाखवता येत नाही. ज्या मुलीनं आपल्या आजीचा शब्द मला विश्वासानं सांगितला तिचा शब्द उचलून आपल्या नावावर लावणं मला पटत नाही, बस.

ह्या भाषांच्या कुटुंबाला बंटू हे नाव दिलं व्हिल्हेल्म ब्लेक ह्या जर्मन माणसानं, दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचा त्याचा पहिला भाग १८६२ सालचा. त्याच्या सहाच वर्षं आधी, १८५६ मध्ये, कॉल्डवेलचं द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण आलं होतं, म्हणजे वहिनीच्या कन्नडचं घराणं आणि वरच्या खोलीतल्या मुलींच्या भाषांचं घराणं जवळजवळ एकाच काळात कागदावर उतरलं. बंटू हा शब्द पण तिथलाच, न्तु म्हणजे माणूस, बा अनेकवचनाचा, बान्तु म्हणजे माणसं. झुलूत आबान्तु. भाषांच्या कुटुंबाचं नाव 'माणसं', ह्याहून चांगलं नाव मला तरी माहीत नाही. खरं ह्याच शब्दाचा दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकारनं शिक्का केला, १९५३ चा बंटू शिक्षण कायदा काळ्या मुलांना मुद्दाम कमी शिक्षण द्यायला केलेला, त्यामुळं तिथं माणसाला उद्देशून हा शब्द वापरला की लागतो. भाषेपुरता वापरायचा, माणसाला नाही. पुढं १८९९ मध्ये कार्ल माइनहोफनं ह्या भाषांच्या उच्चारांचं मूळ रूप बांधायचा पाया घातला, १९६७ ते १९७१ मध्ये माल्कम गथ्रीचे चार खंड आले. आज सुमारे ५०० भाषा ह्या घराण्यात धरतात, बोलणारे ३० कोटींच्या वर. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेजवळनं चार-पाच हजार वर्षांपूर्वी ही माणसं हळूहळू निघाली असं मानतात. हे पण सीमाभागातनंच निघालेलं कुटुंब, हे वाचून मला कसं वाटलं असेल ते बेळगावकरांना सांगायला नको.

आता मुख्य गोष्टीवर येते, जिच्यामुळं मला खरंच दोन रात्री झोप लागली नाही.

आपल्या मराठीत मूल नपुंसकलिंगी. लेकरू, पोर, बाळ, सगळं ते. मूल आलं, मुलं आली. ते घर, ते झाड, ते मूल. मी पंधरा वर्षं वर्गात हे शिकवतेय आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, बाई, मूल जिवंत असून नपुंसक कसं? आणि मी दरवर्षी सांगते की हे व्याकरणातलं लिंग आहे, खऱ्यातलं नाही, आणि दरवर्षी मलाच ते उत्तर तोकडं वाटतं. बंटू भाषांत स्त्री-पुरुष असं लिंग नाहीच. तिथं वर्ग आहेत, माणसांचा एक, झाडांचा एक, वस्तूंचा एक, असे पंधरा-अठरा, कुठं कमी कुठं जास्त. आणि मूल कुठल्या वर्गात, तर पहिल्याच, माणसांच्या वर्गात. आईबापाच्या, शिक्षकाच्या, राजाच्या रांगेत. मुलगा आहे का मुलगी हे शब्दात नाही, 'तो' आणि 'ती' ला वेगळे शब्दच नाहीत, सांगायचंच असेल तर ओम्वाना ओमुवाला, ओम्वाना ओमुलेन्झी असं पुढं जोडायचं. आधी माणूस, मग मुलगी का मुलगा. आमच्या भाचीच्या वेळी दवाखान्याच्या बाहेर पहिला फोन आला त्यात पहिला प्रश्न 'काय झालं' हाच होता, सगळ्यांना माहिताय त्याचा अर्थ काय असतो ते.

मी हे वहिनीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "वन्सं, आमच्यात बी तसंच, खरं अर्धं." अर्धं म्हणजे? कन्नडमध्ये एक मूल आलं तर मगु बंतु, हा बंतु वस्तूला, जनावराला लावायचा, पाऊस आला तरी मळे बंतु. खरं मुलं आली म्हटलं की मक्कळु बंदरु, हा बंदरु माणसांना! एकटं असताना मूल वस्तूंच्यात, चार जमली की माणसांच्यात. तिनं हे आयुष्यभर बोललंय, कधी लक्षातच आलं नाही म्हणाली, हात पिठात तसेच ठेवून दोनदा म्हणून बघितलं, मगु बंतु, मक्कळु बंदरु, आणि हसायला लागली.

आणि मग केनियाची मुलगी. ती किकुयू आहे, म्हणजे स्वाहिली येते खरं घरची भाषा किकुयू. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी तिला हे सांगितलं की तुमच्यात बरं, मूल माणसांच्यात. ती म्हणाली, थांबा, आमच्यात म्वाना म्हणजे मूल, ते माणसांच्यातच, माझं मूल म्हणायचं तर म्वाना वाक्वा. खरं अनेकवचन बाना नाही, आना नाही. अनेकवचन चिआना. माझी मुलं, चिआना चिआक्वा. आणि हा चि वस्तूंच्या अनेकवचनाचा वर्ग! म्हणजे बरोब्बर उलटं. कन्नडमध्ये एकटं मूल वस्तू आणि चार मुलं माणसं. किकुयूत एकटं मूल माणूस आणि चार मुलं वस्तूंच्या वर्गात. आणि मराठी, एक असो दहा असोत, ते ते आणि ती ती, हललीच नाही.

मी त्या रात्री वहीत तीन ओळी लिहिल्या, एकाखाली एक, आणि नुसती बघत बसले. मूल म्हणजे काय हे भाषेला पक्कं ठरवता येत नाही असं दिसतंय, पूर्ण माणूस म्हणून धरावं का अजून माणूस व्हायचंय म्हणून धरावं, इथंच प्रत्येकीचा हात अडखळलाय. आणि मला वाटतं घरातही तेच होतं, झोळीतलं बाळ एका मिनिटाला सगळ्या घराचा मालक असतं आणि दुसऱ्या मिनिटाला काखेतलं गाठोडं.

युगांडाची म्हणाली, आमच्यात पण बाळाला माणसांच्यातनं काढता येतं, मुद्दाम. ओम्वानाचा उपसर्ग बदलून आका लावला की आकाना, छोटुकलं, अनेकवचन ओब्वाना. हा आका लाडाचा पण आणि हिणवायचा पण, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून कळतं. आणि ओगु लावला की दांडगं, बेढब, ओग्वाना. मग मला आपलं नपुंसकलिंग एकदम नव्यानं दिसलं. आपण पण तेच करतो. पोरगा, पोरगी म्हटलं की साधं, पोरगं म्हटलं की जवळ घेतलं, आणि पोरटं, कार्टं म्हटलं की धपाटा. लेकरू पण तेच लिंग आणि कार्टं पण तेच. घोडा चांगला असतो, घोडं म्हटलं की काहीतरी अडलेलं असतं. गोव्याच्या कोकणीत तर तरण्या मुलीबद्दल बोलताना पण 'तें' म्हणतात, ती लग्नाची झाली तरी. म्हणजे नपुंसकलिंग हे वस्तूंचं कोठार नाही, ती आपली आका आहे. ह्या जूनपासून मी वर्गात असंच सांगणार आहे, पुस्तकातली व्याख्या सांगून झाल्यावर.

लेकरूतला तो रू, वासरू, पाखरू, कोकरू ह्यातला, त्याचा पण माग आहे. वासरू हे वत्सरूप ह्या शब्दावरनं आलंय, म्हणजे रूप झिजून झिजून रू उरलं आणि पिल्लांच्या शब्दांना जाऊन चिकटलं. दक्षिणेकडच्या बंटू भाषांत हेच आना ह्या शब्दाचं झालं. झुलूत कुत्रं म्हणजे इंजा, छोटं कुत्रं इंजाना. घर इंद्लु, छोटं घर इंद्ल्वाना. तो शेवटचा आना म्हणजे मूल हाच शब्द, झिजून प्रत्यय झालेला, असं मानतात. आणि झुलूतलं मूल जे उम्न्त्वाना, ते कसं, तर न्तु म्हणजे माणूस, त्याला आना, छोटा माणूस. मूळ शब्द झिजला, प्रत्यय झाला, आणि परत त्याच प्रत्ययानं मुलाला नवा शब्द दिला.

अजून एक सांगायचंय, थोडं बाजूचं आहे. मागच्या महिन्यात त्या युगांडाच्या मुलीला घेऊन मी खानापूरला मैत्रिणीकडं गेले होते. स्टँडवर एक म्हातारी बाई कडेवर नातू घेऊन उभी होती, सिद्दी समाजाची. सिद्दी लोक म्हणजे पोर्तुगीजांनी आणि इतरांनी आफ्रिकेतनं आणलेल्या माणसांचे वंशज, त्यातले बरेच मोझांबिककडच्या भागातले, गोव्यातनं सुटून पळून घाटावरच्या जंगलात राहिले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, इकडं खानापूर, कलघटगी. अनुसूचित जमातीचा दर्जा उत्तर कन्नडमधल्यांना २००३ मध्ये मिळाला आणि आपल्या बेळगाव, धारवाडमधल्यांना २०२० मध्ये, सतरा वर्षं मधे गेली, माणसं तीच, जिल्हा वेगळा. त्या आजीनं ह्या मुलीकडं बघितलं आणि सरळ कोकणीत विचारलं, कुठल्या गावची गं तू, कुणाची? मुलीला कळेना. मी सांगितलं की ती युगांडाची, आफ्रिकेची. आजी म्हणाली, बाई, मला लोक तेच म्हणतात, आणि मी तर इथलीच. ती रागानं नाही बोलली, खरं मी काय बोलणार त्यावर. सिद्दींच्या घरात आता कोकणीच बोलतात, मराठी कन्नड मिसळलेली, डमाम, म्हणजे त्यांचा ढोल, वाजतो अजून, खरं मोझांबिकच्या आयांनी जो शब्द बोलून लेकरं निजवली असतील तो त्या बोटीतनं उतरून इथपर्यंत टिकला नाही. ह्या मुलीनं आजीच्या कडेवरच्या नातवाचा गाल धरला आणि म्हणाली, ओम्वाना. आजीनं विचारलं काय म्हणते? मी सांगितलं, बाळ म्हणतेय. आजीनं तो शब्द एकदा म्हणून बघितला, "वाना?" आणि तेवढ्यात त्यांची बस लागली.

परीक्षा झाल्यावर युगांडाची मुलगी सहा आठवड्यांसाठी घरी गेलीय. जाताना आईनं चिरमुऱ्यांची पिशवी, शेंगदाण्याची चटणी दिली, वहिनीनं कुंचडं विणून दिलं तिच्या बहिणीच्या बाळाला. आमच्या घड्याळापेक्षा त्यांचं अडीच तास मागं आहे. रोज रात्री साडेनऊ-दहाला तिचा व्हॉइस मेसेज येतो, एकच प्रश्न, ओम्वाना येबासे? आई फोन तोंडाजवळ धरून मोठ्यानं सांगते, "झोपलंय गं." काल मात्र भाची जागीच होती, आईच्या मांडीवर, दात येतायत म्हणून किरकिर चाललेली, मेसेज वाजला आणि तो आवाज ऐकून ती गप्प झाली, फोनकडं बघायला लागली. वहिनी म्हणाली परत लावा. आम्ही चार वेळा लावला.